मतांचे ठेकेदार आणि आपण



‘बौद्धांची मते माझ्या खिशात आहेत,’ असे सांगणारे ठेकेदार निवडणुकीत वस्तीवस्तीतून हिंडतात. आपले मत त्यांच्या खिशात गेले केव्हा? लोकसभेसाठी यवतमाळ जिल्ह्यातील बौद्ध तीन मतदारसंघांत विभागले आहेत. वणी व आर्णी चंद्रपुरात, उमरखेड हिंगोलीत, उरलेला जिल्हा यवतमाळ-वाशिममध्ये. २०२४ साली मतदानाच्या तारखाही दोन होत्या, १९ व २६ एप्रिल. असा गठ्ठा बांधणार कोण? ठेकेदार वस्तुतः विकतो ती आपली गैरहजेरी. आपण केंद्रावर जात नाही, म्हणून पडलेल्या चार मतांवर तो मालकी सांगतो.

बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तरी मतदानाच्या आदल्या रात्री ती काही घरांत शिरते, हे लिहिताना लाज वाटते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागणारे बाबासाहेब १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली आपल्याच विदर्भात, भंडाऱ्यास, पराभूत झाले. जयंतीच्या भाषणांत हे क्वचितच ऐकू येते.

पुण्यास मजुरीला गेलेल्या मुलाचे नाव गावच्या यादीत, सुनेचे माहेरच्या. दोन्ही मते बुडाली! नाव हलविण्यास नमुना ८, नवे घालण्यास नमुना ६. तेथे दीक्षेचा दाखला कोणी मागत नाही. आज सायंकाळी वंदना संपताच विहारात मतदार यादी मोठ्याने वाचा.