मोडलेला हात आणि वारांची वाटणी



कुणाचा हात मोडला की पहिले दोन दिवस घरात उभे राहायला जागा उरत नाही. केळी येतात, बिस्किटांचे पुडे येतात, शहाळी येतात. ज्याला त्याला अपघात कसा झाला ते पहिल्यापासून ऐकायचे असते, आणि दुखणेकरी तेच ते सांगून थकून जातो. सहाव्या आठवड्यात मात्र दारात एकही चप्पल दिसत नाही. प्लास्टर निघाले, म्हणजे माणूस बरा झाला असे लोक धरून चालतात. आमचा अनुभव असा की खरे दुखणे त्या दिवसापासून सुरू होते.

अनुभव म्हणजे ऐकीव नव्हे, स्वतःच्या उजव्या हाताचा. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात आम्ही माग चालवत होतो. आजही चालवतो, हे सदर रात्री जेवणानंतर लिहिले जाते हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. रात्रपाळीत मोटरीचा पट्टा सरकला. माग बंद न करता तो सारखा करायला गेलो आणि शर्टाची बाही पट्ट्यात गेली. चालत्या मागाला हात लावू नये हे नव्या पोरांना वीस वर्षे आम्हीच सांगत आलो होतो! दंड पिळवटला, सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला आणि आम्ही खाली बसलो.

आमचा जॉबर मित्र धावत आला. त्याने त्या रात्री दोन कामे केली आणि दोन्ही कामांचे मोल आम्हाला पुढे कळले. पहिले काम असे की दोघेतिघे म्हणत होते, "तेल लावून हाड बसवणारा माणूस जवळच आहे, पाचशे रुपयांत काम होईल." जॉबरने कुणाला हाताला हात लावू दिला नाही. विणीत दोष निघालेली एक चादर फाडून त्याने आमचा हात छातीशी बांधला आणि सरळ दवाखान्यात नेले.

इथे आयाबायांसाठी थोडे थांबतो. मूल सायकलवरून किंवा झाडावरून पडून कोपराजवळ हाड मोडले, तर पहिले काही तास फार मोलाचे असतात. सुजेने किंवा घट्ट बांधलेल्या पट्टीने आतला रक्तपुरवठा तुटला तर स्नायू मरतात आणि हात आखडतो तो जन्मभरासाठी. बोटे गार पडली, निळी-पांढरी दिसू लागली, बधिर झाली, किंवा बोट सरळ करताच मूल किंचाळू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी नऊ वर्षांचा असताना सायकलवरून पडला. हात मोडला, पुढे त्यात गँगरीन झाले आणि तो हात पूर्ववत झाला नाही. त्याच सचिनने २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळा १६.३२ मीटर फेकून रौप्यपदक आणले. पदकाचा आनंद आपल्या सर्वांना आहे, पण आखडलेल्या हाताच्या प्रत्येक पोराला असे पदक मिळत नसते.

जॉबरचे दुसरे काम वहीचे. कारखान्याचा माणूस दवाखान्यातच म्हणाला, "आजारपण म्हणून टाकू, उगाच भानगड नको, मालक काही कमी पडू देणार नाहीत." आम्ही वेदनेत मान डोलावली होती. जॉबर म्हणाला, "लिहा की अपघात. माग नंबर लिहा, वेळ लिहा, मग आम्ही जातो." दीड तास तो हटला नाही. शेवटी अपघाताच्या वहीत नोंद झाली.

त्या नोंदीने काय झाले ते ऐका. कामगार विम्यात आजारपण म्हटले की मजुरीच्या सत्तर टक्के मिळतात आणि तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरचा अपघात म्हटला की नव्वद टक्के मिळतात आणि विम्याचा डॉक्टर जोवर काम करण्यास असमर्थ म्हणून लिहून देतो तोवर मिळतात. आमचा हात ९१ दिवसांत बरा झाला नाही. म्हणजे दिवाळीनंतर आमच्या घरात चूल पेटली ती त्या एका नोंदीवर. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कायदा झाला. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. कायद्याचे नाव बदलले तरी अपघाताची नोंद ही लागतेच. जयंतीला मिरवणुकीत नाचणाऱ्या आमच्या किती तरी भावांना आपल्या विम्याचा नंबर पाठ नसतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता हाताकडे येऊ. दंडाचे हाड सहा-सात आठवड्यांत सांधले, पण त्याने आमचे भागणार नव्हते. त्या हाडाला मागून वळसा घालून एक शीर जाते. मनगट आणि बोटे वर उचलायचा हुकूम त्या शिरेतून येतो. हाड पिळले तेव्हा ती शीर चेंगरली होती. पंजा आडवा धरला की मनगट खाली लोंबायचे, मोडक्या फांदीसारखे. वाचकांनी एक करून पाहावे: मनगट पूर्ण खाली वाकवा आणि मग मूठ घट्ट आवळा. ताकद लागत नाही ना? आमची मूठ शाबूत होती, पण मनगट पडल्यामुळे तिच्यात साधी पोळी धरायचा जोर नव्हता. अंगठ्यामागची जागा बधिर. एकदा गरम कप टेकला तो फोड आल्यावर कळला.

डॉक्टरांनी सांगितले, शीर तुटलेली नाही, चेंगरली आहे. अशा शिरा बहुतेक वेळा आपण होऊन परततात. मात्र त्या वाढतात दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. दंडाच्या मध्यापासून कोपराखालच्या स्नायूपर्यंत अंतर मोजा आणि दिवस धरा. तीन-चार महिने हातात काही दिसणार नाही. तोवर सांधे आखडू द्यायचे नाहीत. मनगट वर धरणारी पट्टी बांधायची आणि दिवसातून अनेक वेळा दुसऱ्या हाताने मनगट, बोटे, अंगठा वर उचलून सोडायचा.

ऐकायला सोपे आहे. पण जो हात हलतच नाही तो रोज शंभर वेळा दुसऱ्या हाताने हलवायचा, हे काम माणसाला आतून खाते. दहा दिवसांत आम्ही टाळाटाळ करू लागलो. सहचारिणीवर खेकसू लागलो. घरात कुणी कडक भाकरी फोडली तरी राग यायचा, कारण ती एका हाताने फुटत नाही.

मग जॉबर, रिक्षावाला मित्र आणि आमचे जुने गुरुजी यांनी आम्हाला न विचारता वार वाटून घेतले. सोमवार-गुरुवार रिक्षावाला, तो व्यायामाच्या डॉक्टरांकडे नेई. मंगळवार-शनिवार पाळी सुटल्यावर जॉबर. बुधवार-शुक्रवार गुरुजी. रविवारी कुणी नाही, कारण गुरुजी म्हणाले रविवारी बायकोशी भांडायला मोकळा वेळ हवा. येणारा मनुष्य काय करी? आमचे मनगट धरून तीस वेळा वर-खाली, बोटे तीस वेळा, कोपर तीस वेळा. तोंडाने गप्पा कारखान्याच्या, पोरांच्या शाळेच्या, पाणी किती दिवसांनी येते त्याच्या. दुखण्याची चौकशी कुणी करत नसे. अर्धा तास झाला की चहा पिऊन मनुष्य जाई. चार महिने हे चालले.

आम्हाला पहिले पंधरा दिवस मेल्याहून मेल्यासारखे होई. मित्राने आपल्या शर्टाची बटणे लावायची, भाकरी ताटात चुरून द्यायची! देणारा हात आमचा असावा अशी आमची खोड. जॉबरला तसे बोललो तर तो म्हणाला, "तू बरा झालास की मला माग चालवायला माणूस मिळतो. तुझ्यावर उपकार करायला मी रिकामा नाही." खोटे बोलत होता, पण बरे वाटले.

गुरुजी आमचे सदर लिहून घेत. आम्ही सांगायचे, त्यांनी लिहायचे. सांगितलेले वाक्य आणि लिहिलेले वाक्य यात पुष्कळ अंतर पडे. त्या महिन्यांतले शुद्धलेखन चांगले होते असे कुणाला वाटले असल्यास त्याचे कारण हे. गुरुजींनी एकदा भरपाईच्या कायद्याचा तक्ताही वाचून दाखवला. अंगठा गेला तर कमाईची ताकद तीस टक्के गेली, अख्खी तर्जनी गेली तर चौदा टक्के, दोन्ही हात गेले तर शंभर टक्के. तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना तर्जनीशिवाय अंगठा काय करणार, हे तक्ता करणाऱ्याला कुणी विचारले नसावे.

ऑक्टोबरात रिक्षावाला वर्तमानपत्र घेऊन आला. जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत आपल्या जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या सुयश जाधवने ५० मीटर बटरफ्लाय पोहण्यात सुवर्णपदक मिळवले होते. अकराव्या वर्षी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात कोपराखाली गेले. २०१६ साली तो रिओच्या पॅरालिम्पिकला गेला होता, आणि पुढे २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. "बघ, त्याला दोन्ही हात नाहीत," मित्र म्हणाला. आम्हाला खरे सांगायचे तर राग आला. दुखणेकऱ्यासमोर असे दाखले ठेवले की त्याला धीर येत नाही, लाज वाटते. आजही आमचे मत तेच आहे.

पण रात्री तीच बातमी मनात घोळत राहिली, आणि डोळ्यांसमोर पदक येईना, सुयशचे वडील येऊ लागले. ते स्वतः पोहणारे. मुलाला पाण्यात त्यांनीच उतरवले, आणि अपघातानंतर पुन्हा पाण्यात नेले तेही त्यांनीच. हात गेलेल्या पोराला पाण्यात सोडताना त्या बापाचे काय झाले असेल? पदकाच्या आधीचे असे किती दिवस असतील ज्यांची बातमी कुठे छापून आली नाही? दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. गुरुजी येण्याआधीच आम्ही तीस वेळा करून बसलो होतो.

डिसेंबर गेला. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा एका दुपारी शेजारच्या मावशी दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आम्ही समोर बसलो होतो, पट्टी काढून हात मांडीवर टेकवलेला. मावशी एकदम म्हणाल्या, "भाऊ, मनगट हललं तुमचं." आम्हाला जाणवलेही नव्हते. चाळीस वर्षे हजाराच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या बाईची नजर बोटांवरून हलत नाही. त्यांनी पुन्हा उचलायला लावले. बोटभर सुद्धा नाही, ज्वारीच्या दाण्याएवढे मनगट वर आले. सहचारिणी आतून पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या आणि आम्ही तिघेही त्या मनगटाकडे बघत बसलो.

आधी मनगट, मग बोटे, सर्वांत शेवटी अंगठा, अशा क्रमाने हात परत आला. बोटांच्या बारीक कामासाठी मावशींनी आम्हाला कापलेली तेंदूची पाने दिली. कडा दुमडायची, वळायची, सोडायची. आमची एकही विडी कारखान्याने घेतली नसती. मार्चअखेर आम्ही कामावर गेलो; आधी कांड्या भरल्या, मग माग हाती आला.

पाने दुमडता दुमडता एकदा मावशींनी सांगितले की त्यांचाही डावा हात मनगटात मोडला होता, घसरून हातावर पडल्या तेव्हा. आम्ही विचारले, "मग कोण येत होतं मावशी?" त्या म्हणाल्या, "कोण येणार? पोरगी पान कापायची, मी एका हातानं तंबाखू भरायची. प्लास्टर होतं तरी हजार भरायचे होते." आम्ही त्याच गल्लीत राहत होतो. पहिल्या दिवशी केळीही नेली होती.

यंदा पावसाळ्यात मावशी नळावर पुन्हा घसरल्या आणि उजवे मनगट गेले. वय झाले की बायकांची हाडे ठिसूळ होतात, हातावर पडले की मनगटच मोडते. प्लास्टरबाहेरची बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची आणि खांदाही वर उचलत राहायचा, नाहीतर मनगटाबरोबर तोही धरतो. वार वाटून झाले आहेत. बायकांची कामे म्हणून गल्लीतल्या सुनांनी तीन वार घेतले, रिक्षा सोमवारची ठरलेली आहे, मंगळवार आणि शुक्रवार आमच्याकडे आहेत. आम्ही पाने कापून देतो, त्या त्यातली निम्मी वाकडी म्हणून बाजूला काढतात, आणि मग बोटांचे तीस-तीस सुरू होतात.