सायकल कोणती घेऊ?

ट्रायथलॉनचे नाव काढले की आमच्या वर्गात पहिला प्रश्न येतो तो सायकलीचा. कोणती घेऊ, केवढ्याला पडते, कार्बनचीच हवी का? पोहण्याबद्दल कुणी चकार शब्द काढीत नाही. माझ्या मते सगळे गणित उलटे होते ते इथेच. ज्याच्या खिशात लाखभर रुपये नाहीत तो 'हा आपला खेळ नव्हे' म्हणत दारातूनच परततो. आणि ज्याच्याकडे ते आहेत तो चकचकीत सायकल घेऊन पाण्यात गांगरतो.

वास्तविक हा खेळ काही श्रीमंतांच्या अंगणात जन्मलेला नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे येथे धावपटूंच्या एका क्लबाने पोहणे, सायकल आणि धावणे अशी एक शर्यत ठेवली. ४६ जण उतरले. १९७८ साली हवाईतल्या ओआहू बेटावर पहिली 'आयर्नमॅन' झाली, तिला १५ जण उभे राहिले आणि १२ जणांनी ती पुरी केली. ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तो थेट २००० साली, सिडनीत. तिथले अंतर दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. नवख्याला याच्या निम्मे, म्हणजे 'स्प्रिंट' म्हणतात ते, पुष्कळ झाले. गोव्यात मिरामारला २०१९ साली सुरू झालेल्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून वर २१.१ किलोमीटर धावायचे असते. पहिल्याच घासाला एवढा लाडू कशाला?

तर सायकल घरातली चालेल. ब्रेक लागत असावेत, साखळीला तेल असावे आणि सीट नीट उंचीवर असावी. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली, की पाय सरळ झाला पाहिजे. पैसे खर्चायचेच तर आधी हेल्मेटवर. त्याचा पट्टा लावल्याखेरीज सायकलीला हात लावू देत नाहीत. मग पायाला बसणारे बूट, आणि पाणी आत न घेणारा गॉगल. वेटसूट हा थंड पाण्याचा पोशाख. आपल्या कोमट समुद्रात तो घालून माणूस उकडून निघेल.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. गावाकडची मुले पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतात आणि छान तरतात. आम्हा मुलींना काठावरूनच हाकलले जायचे, ते असो. पण विहिरीतले डोके वर ठेवून पोहणे साडेसातशे मीटर टिकत नाही. श्वास पाण्यात सोडायचा आणि मान वळवून घ्यायचा, ही सवय अंगी मुरायला महिने लागतात. तलावात दर पंचवीस मीटरवर भिंत हाताशी येते; समुद्रात भिंत नाही, तळाशी रेघ नाही, आणि शेजारच्याची लाथ मात्र हमखास. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमधील मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदल्या गेल्या; त्यांतल्या ९० पोहताना घडल्या. म्हणून आधी डॉक्टरांना छाती दाखवावी, आणि खुल्या पाण्यात जीवरक्षकाशिवाय, एकटीने तर मुळीच, उतरू नये.

सरावाचे म्हणाल तर तलावावर नीट पोहू लागल्यावर बारा आठवडे धरावेत. आठवड्यातून दोनदा पोहणे, दोनदा सायकल, दोनदा धावणे आणि एक दिवस निवांत झोप. मात्र कधीमधी सायकलवरून उतरल्याबरोबर पळून पाहावे. पाय जणू दुसऱ्याचेच! दहा मिनिटांनी ते आपले होतात. हे आधी ठाऊक असले म्हणजे शर्यतीत धीर सुटत नाही. हा अनुभव कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आमच्या जिमखान्याला माझी एक सूचना आहे. दोन गिअरच्या सायकली, चार हेल्मेट, आठवड्यातून दोन सकाळी तलावावर प्रशिक्षक, आणि त्यांतला एक तास फक्त मुलींसाठी, एवढे करावे. कॅरमचे बोर्ड दरवर्षी नवे येतात. यंदा जुन्यांवर खेळता येईल.