गॅस भरण्याआधी हवेची वाट तपासा

उन्हाळा लागला की गॅरेजच्या दारात जुन्या मोटारींची रांग लागते. तक्रार एकच : एसी लावला तरी जाळीतून थंड हवा येत नाही. उत्तरही बहुतेक ठिकाणी एकच मिळते : गॅस संपला, भरून घ्या. गिऱ्हाईक पैसे देतो, चार दिवस गारवा मिळतो किंवा तोही मिळत नाही, आणि मग गिऱ्हाईक व कारागीर दोघांची तोंडे वाकडी होतात. तपासल्याशिवाय गॅस भरण्याची ही रीत दोघांच्याही नुकसानीची आहे आणि ती बंद झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे आमचे कितीतरी कापडवाले भाऊ नमुन्यांचे गठ्ठे घेऊन जुन्या गाडीतूनच फिरतात. नवी गाडी घेण्याची सर्वांची ऐपत नसते. दुसरीकडे, मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या बिरादरीचे हजारो हात आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर एक चक्कर मारली तरी हे दिसते. म्हणजे या व्यवहारात पैसे देणारेही आपले आणि घेणारेही आपलेच.

मुळात दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्यात. थंडावा तयार करणे हे एक काम आणि तो जाळीपर्यंत आणणे हे दुसरे. गॅसचा संबंध फक्त पहिल्याशी आहे. दुसरे काम ब्लोअर, फिल्टर, डॅशबोर्डाच्या आतले फ्लॅप आणि त्यांना हलवणाऱ्या तारा करतात. जुन्या गाडीत हे दुसरे खातेच अनेकदा बिघडलेले असते, आणि ते तपासायला महागडे यंत्र लागत नाही.

सर्वांत आधी हवा किती येते ते पाहावे. ब्लोअर फक्त शेवटच्या गतीवर चालत असेल आणि खालच्या गतींवर बंद पडत असेल, तर ब्लोअरचा रेझिस्टर जळालेला असण्याचा संभव मोठा. हा लहानसा भाग असतो, आणि त्यात गॅसचा काडीचा दोष नसतो. सर्वच गतींवर हवा क्षीण असेल, तर केबिन फिल्टर काढून उजेडात धरावा. धुळीने काळा झाला असेल तर बदलावा. कित्येक जुन्या गाड्यांत हा फिल्टर नसतोच. तिथे वर्षानुवर्षांची धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि कॉइलला जणू गोधडी पांघरल्यासारखे होते.

सुरुवातीला हवा जोरात, अर्ध्या तासाने मंद, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवून लावला की पुन्हा जोरात, असे होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतो आहे असे समजावे. कारण थर्मोस्टॅटमध्ये असेल, हवा अडण्यात असेल किंवा गॅस कमी होण्यातही असेल. म्हणूनच तपासणी हवी.

दुसरी गोष्ट म्हणजे हवा कुठून येते. लिव्हर समोरच्या जाळीवर आहे आणि हवा मात्र पायाशी किंवा काचेवर जाते, तर आतल्या फ्लॅपची तार निसटली आहे की तुटली आहे ते पाहावे. बऱ्याच जुन्या अमेरिकन व जर्मन गाड्यांत हे फ्लॅप तारेऐवजी इंजिनच्या व्हॅक्यूमवर, बारीक नळ्यांमधून चालतात. नळीला चीर पडली की हवा आपोआप पुढच्या काचेकडे वळते. चढावर किंवा गाडी दामटताना असे घडले तर नळ्यांवर पहिला संशय घ्यावा. जाळीतून काळ्या स्पंजाचे तुकडे उडू लागले तर फ्लॅपवरचा फोम कुजला असे ओळखावे. असा फ्लॅप नीट मिटत नाही, आणि थंड हवेत गरम हवा मिसळते.

तिसरी गोष्ट, हवा भरपूर आहे पण गार नाही. बाहेरच्या हवेचा लिव्हर उघडाच अडकला असेल, तर बिचारा एसी सबंध रस्त्याचे ऊन गार करीत बसतो. हीटरचा कॉक पुरता मिटत नसेल, तर गरम पाण्याची नळी आतल्या आत थंडाव्यावर पाणी फिरवते. गाडी पळताना गारवा येतो आणि सिग्नलवर उभी राहताच जातो, तर आधी कंडेन्सरचा पंखा फिरतो का ते पाहावे. पायाखालची चटई ओली होत असेल तर कॉइलचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलेली असू शकते. मात्र त्या पाण्याला गोडसर वास असेल आणि काचेवर चिकट वाफ धरत असेल, तर ते हीटरमधून गळणारे कूलंट आहे. तिथे वेळ दवडू नये.

एवढे पाहून झाल्यावर गॅसकडे यावे. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. जुन्या रबरी नळ्यांतून वर्षांगणिक थोडा झिरपतो हे खरे. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य ओतणे होय. गळती बंद करून, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा व ओल काढून, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरावा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

गॅसची जातही ओळखावी. नव्वदीच्या दशकातल्या जुन्या गाड्यांत आर-१२ असे. ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ साली सामील झाला, आणि पुढे आर-१२ बाजारातून गेला. त्याच्या जागी आर-१३४ए आला. दोहोंची तेले वेगळी आहेत, म्हणून जुन्या गाडीत तेल व आवश्यक भाग न बदलता नवा गॅस ढकलू नये. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, पण हवा तापवतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून अशा वायूंवर टप्प्याटप्प्याने मर्यादा येणार आहे. स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेणारा वायू भरणे तर बायकामुलांच्या जिवाशी खेळ आहे.

मग कारागीर तपासणी का टाळतो? कारण आम्ही गिऱ्हाइकांनीच त्याला ती सवय लावली आहे. गॅसचे पैसे आम्ही मुकाट्याने देतो, आणि तासभर डोके खुपसून निसटलेली तार शोधणाऱ्याला म्हणतो, ‘एवढ्याशा तारेचे कसले पैसे?’ डॉक्टरने औषध दिले नाही तरी तपासणीची फी आम्ही देतोच ना! ज्याची रोजी माल विकण्यावरच चालते, तो माल विकणारच. तेव्हा आमची सूचना अशी की प्रत्येक गॅरेजने तपासणीची मजुरी ठरवून फलकावर लिहावी आणि गिऱ्हाइकाने ती घासाघीस न करता द्यावी. गाडी हाती घेताना आणि परत देताना मधल्या जाळीत थर्मामीटर लावून दोन्ही आकडे पावतीवर लिहावेत, आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यावा.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा पुढे आणणाऱ्या हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ओले धान्य गिऱ्हाइकाला दिसेल असे वर ठेवावे, हा त्यातला सबक. कापडाच्या थानात डाग असेल तर तो घडीच्या वर काढून दाखवणे हे आमचे काम, आणि मोटारीचा खरा दोष दाखवणे हे कारागिराचे. त्यात गिऱ्हाइकाचेही एक काम आहे : खरे सांगणाऱ्याला तोटा होऊ न देणे.

गॅरेजच्या उस्तादांना शेवटी एवढेच सांगणे की घरात दहावी पास मुलगा असेल तर त्याला आयटीआयच्या रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगच्या कोर्सला अवश्य घाला. हातातला हुन्नर तुमच्याकडून मिळेल, काटा आणि मीटर वाचणे तिथे शिकेल. नव्या गाड्यांत फ्लॅप तारेवर नव्हे, लहान विजेच्या मोटरींवर चालतात. अंदाजाने काम करणाऱ्याला तिथे जागा उरणार नाही, आणि मोजून, दाखवून काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक लांबून चालत येईल.