कोपऱ्यातला चौकोन

मंडळी, ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दोन चौकोन असायचे, आठवतंय? डावीकडे एक लांबलचक, त्यात पत्ता टाइप करायचा. उजव्या कोपऱ्यात एक छोटासा, त्यात शोधायचं. लांब चौकोन म्हणजे 'मला अमुक ठिकाणी ने', आणि छोटा म्हणजे 'मला अमुक सांग'. रिक्षात बसून 'अलका टॉकीज' म्हणणं आणि कोपऱ्यावरच्या पानवाल्याला 'इथे बरा दाताचा डॉक्टर कोण हो?' असं विचारणं, यात जो फरक आहे तोच. रिक्षावाल्याने आपल्याला दाताच्या डॉक्टरांची यादी वाचून दाखवावी अशी आपली अपेक्षा नसते.

तो छोटा चौकोन आता जवळजवळ गेलाच, आणि मला त्याचा राग आहे. विषय फुटकळ वाटेल, वाटू दे.

आधी थोडा इतिहास. २००३ साली सफारी आलं तेव्हा त्यात शोधायची वेगळी पेटी होती. २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स १.० आलं, त्यातही होती. २००६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ७ ने तीच रचना उचलली. मग सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आलं ते एकच चौकोन घेऊन. पत्ता टाका नाहीतर प्रश्न विचारा, आम्ही ओळखू काय ते. त्यानंतर एकेकाने माना तुकवल्या. २०११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ९, २०१२ मध्ये सफारी ६, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७. या शेवटच्याने निदान एवढं केलं की पेटी पार फेकून दिली नाही, नव्याने येणाऱ्यासाठी फक्त दृष्टीआड ठेवली.

पण माझ्या मते खरा घाव त्याआधीच, डिसेंबर २०१४ मध्ये फायरफॉक्स ३४ मध्ये बसला होता. पेटी होती, पण तिचा स्वभाव बदलला. पूर्वी त्या पेटीत एकदा विकिपीडिया निवडला की विकिपीडियाच राहायचा. दहा शब्द शोधा, दहाही तिथेच. नव्या पेटीत खाली ओळीने चिन्हं आली. हव्या त्या चिन्हावर क्लिक केलं की तेवढा एक शोध तिथे, आणि पुढच्या वेळी गाडी पुन्हा मूळ रुळावर! म्हणजे दहा शब्दांना दहा वेळा सांगायचं. लोक चिडले. मग आत कुठेतरी खोलवर एक सेटिंग आहे, ते बदललं की जुनी पेटी परत येते, असं एकमेकांना सांगू लागले. वर्षभराने आवृत्ती ४३ आली आणि ते सेटिंगही गेलं. आता बोला!

यात काय एवढं, असं विचारणाऱ्यांसाठी माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. (ब्राउझर कोणता ते लिहीत नाही. आज एकाने केलं ते उद्या दुसरा करतो.)

आत्या साताऱ्याला असते, वय ७८, आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर तिला बखरींचा नाद लागला. बखर वाचायची म्हणजे पावलोपावली शब्द अडतो. मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाने केव्हाच इंटरनेटवर ठेवलाय, तो मी तिच्या उजव्या चौकोनात बसवून दिला होता. शब्द टाइप करायचा, एंटर मारायचा, अर्थ समोर. तिने ही कृती वहीत चित्र काढून लिहून ठेवली होती, 'उजवा छोटा चौकोन' असं खाली अधोरेखित करून. काही वर्षं हे सगळं सुरळीत चाललं. रोज वीस-पंचवीस शब्द बघायची. कोशात न सापडलेल्या शब्दांची वेगळी यादी करायची आणि मी गेलो की माझ्यापुढे ठेवायची. मी काय सांगणार कपाळ! पण तिचा उत्साह दांडगा.

मग एक दिवस ब्राउझर आपणहून अपडेट झाला. तिने 'मुतालिक' हा शब्द टाकला. बखरीतला मुतालिक म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याच्या वतीने कारभार बघणारा. पडद्यावर आली मुतालिक आडनावाची माणसं! पोतनीस टाकलं, पोतनीस मंडळी आली. दोन आठवडे तिने कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी फोन केला, आवाज उतरलेला.

"अरे, माझं काहीतरी चुकतंय. पूर्वी अर्थ यायचे, आता माणसं येतात. वहीत लिहिल्याप्रमाणेच करतेय रे मी. वय झालं, आता नाही जमायचं."

तिचं काही चुकत नव्हतं. वही बरोबर होती, चौकोनच बदलला होता. आणि तिने ते स्वतःच्या वयावर घेतलं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. बदल करणाऱ्याच्या हिशेबात ही किंमत कुठे धरलेलीच नसते. सवय म्हणजे काय, तर एखादी गोष्ट डोक्यातून हातात उतरणं. आपल्याला तिथवर यायला चार दिवस लागतात, तिला चार महिने लागले होते. ती तिची कमाई होती.

दुसरी बाजू मला माहीत आहे. एकच चौकोन नवशिक्याला सोपा. फोनच्या पडद्यावर दोन मावतही नाहीत. शिवाय बरेचसे लोक पत्ता कधी टाइपच करत नव्हते, सगळं सर्चमध्येच टाकायचे. फेब्रुवारी २०१० मधली गंमत आठवत असेल. गूगलवर 'फेसबुक लॉगिन' शोधल्यावर रीडराइटवेबचा फेसबुकविषयीचा एक लेख सगळ्यात वर येऊ लागला. लोक त्यावर क्लिक करून आत गेले, हेच नवीन फेसबुक असं समजले, आणि आमचं जुनं फेसबुक परत द्या म्हणून त्या लेखाखालीच भांडू लागले. जग हसलं त्यांना. मला मात्र यातून उलटंच दिसतं. 'ने' आणि 'सांग' यातला फरक पुसला की काय होतं, ते त्या लोकांनी करून दाखवलं. त्यावर उपाय म्हणून आपण तो फरक सगळ्यांसाठीच पुसून टाकला.

आणखी एक गोष्ट. सूचना चालू असतील तर त्या एकुलत्या चौकोनात तुम्ही टाइप करत असलेली अक्षरं, एंटर मारायच्या आधीच, सर्च कंपनीकडे जायला लागतात. पत्ता टाइप करत असाल तरी. दोन चौकोन वेगळे होते तेव्हा कुणाला काय सांगायचं हे आपल्या हातात होतं. आणि त्या चौकोनामागे कोण बसणार, याचे व्यवहार केवढे मोठे! आपलं सर्च आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात ठिकठिकाणी मिळून २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. त्या खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये निकाल गूगलच्या विरुद्ध गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने 'फक्त आम्हीच' अशा अटीचे करार करायला बंदी घातली, पैसे द्यायला मात्र नाही. चौकोन एक झाले ते केवळ पैशापायी, असं मी म्हणत नाही. पण एवढ्या महाग जागेवर फुकटातला मोल्सवर्थ मुक्काम ठोकून बसावा, अशी इच्छा कोणाला असणार?

माझं मागणं फार नाही. नवीन काय ते करा, नव्या लोकांना द्या. ज्याने एखादी गोष्ट स्वतः मांडून ठेवली आहे, त्याची मांडणी विचारल्याशिवाय हलवू नका. घरी कामाला येणाऱ्या बाईसुद्धा देव्हारा पुसताना विचारतात.

असो. ज्यांना पेटी हवी आहे त्यांच्यासाठी (आणि ठाण्याच्या काकांनी फोन करायच्या आत): फायरफॉक्समध्ये वरच्या पट्टीवर राइट क्लिक करा, 'कस्टमाइझ टूलबार' निवडा, शोधपेटी खालून ओढून वर आणा. तिचा स्वभाव जुना नसेल, पण वेगळी तर राहील. क्रोममध्ये पेटी मिळणार नाही. तिथे सेटिंगमध्ये सर्च इंजिनच्या सदरात कोशाचा पत्ता आणि त्यासाठी एक-दोन अक्षरांची खूण टाकून ठेवा. मग ती अक्षरं, टॅब, आणि पुढे शब्द. आत्याच्या वहीत आता हे असं नवीन पान आहे. जुनं पान तिने फाडू दिलं नाही.