किलिमांजारोची चढाई म्हणजे सहल नव्हे



किलिमांजारो चढून निधी उभारण्याच्या मदत-मोहिमा म्हणजे देणगीदारांच्या पैशांवर सहल, हा गेल्या अंकातील लेखाचा निष्कर्ष अर्धवट माहितीवर उभा आहे.

ब्रिटनमध्ये दोन पद्धती चालतात. एकीत गिर्यारोहक प्रवासखर्च स्वतः भरतो. दुसरीत हा खर्च जमलेल्या निधीतून वळता होतो. लेखकाने दुसरीच पाहिली. तिथेही करखाते डोळे मिटून बसत नाही: खर्च संस्था उचलत असेल, तर सहभागीच्या जोडीदाराने, आईवडिलांनी, भावंडांनी दिलेल्या रकमेवर ‘गिफ्ट एड’ या सरकारी करसवलत योजनेची 25 टक्के भर सहसा मिळत नाही.

2009 साली ‘कॉमिक रिलीफ’ या ब्रिटिश मदत-संस्थेसाठी नऊ नामवंत 5,895 मीटरचे हे शिखर चढले. मलेरियाविरोधी कामासाठी 30 लाख पौंडांहून अधिक जमले. याला सहल म्हणणे अन्याय आहे.

खर्चाचा वाटा देणगीदाराला आधीच सांगावा, एवढी मागणी रास्त. बाकीचे आरोप लेखकाने मागे घ्यावेत.

— एक वाचक, पुणे