अंगठा उमटला नाही तर?

मैत्रिणींनो, १९९३ साली आपल्याच श्रीवर्धन तालुक्यात, शेखाडीला स्फोटकं उतरली. २००८ साली दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत शिरले. त्यानंतर मच्छीमारांना बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रं द्यायला सुरुवात झाली. ते हवंच होतं. किनाऱ्यावर कोण येतं-जातं, कळायला नको का?

पण आमच्या शेजारच्या कोळीणकाकींचं काय? उभा जन्म कोळंबी सोलण्यात, बर्फ-मिठात गेला. बोटांवरच्या रेषाच झिजल्या. रेशनच्या मशीनवर अंगठा काही जुळत नाही. कामावरची हजेरीही अशीच लागली, तर मजुरी बुडणार कुणाची? जिनं हात झिजवले तिचीच!

आणि चोर तरी स्वस्थ बसलाय का? ठशांची नक्कल करून आधार जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडलेच आहेत. हरवलेली किल्ली नवी करता येते, अंगठा कुठून आणणार?

म्हणून दोन गोष्टी करा. आधारचे ठसे लॉक करता येतात, लागेल तेव्हा उघडता येतात. लेकीकडून शिकून घ्या. आणि अंगठा जुळला नाही, तर डोळ्यांवरून किंवा ओटीपीनं ओळख पटवा, असं ठामपणे सांगा. रिकाम्या पिशवीनं परतू नका. मशीन चुकतं, आपण नाही.