हरलात तरी जागा पक्की?

आपल्या घरातली मुलं रात्र-रात्र जागून रिअल माद्रिद नाहीतर लिव्हरपूलची मॅच बघतात. म्हणून हा विषय आपल्याही घरचा आहे.

18 एप्रिल 2021 रोजी इंग्लंडचे 6, स्पेनचे 3 आणि इटलीचे 3 अशा 12 बड्या क्लबांनी ‘युरोपियन सुपर लीग’ जाहीर केली. एकूण 20 संघ, त्यात 15 जागा कायमच्या. म्हणजे मैदानात हरलात तरी जागा पक्की! पाठीशी जे. पी. मॉर्गन बँक आणि संस्थापक क्लबांसाठी 3.5 अब्ज युरो. कारण दिलं कोरोनाचं. पण खेळाडूंवर केलेल्या उधळपट्टीने कर्ज आधीच वाढलेलं होतं.

लंडनमध्ये चेल्सीच्याच चाहत्यांनी स्टेडियमबाहेर रस्ता अडवला. 20 एप्रिलच्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब मागे हटले. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड तर गेलेच नव्हते. जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचं बहुमत सभासदांकडे असतं, हे इथे विसरू नये.

मग लालूच संपली का? नाही. युएफानेही 2024 पासून चॅम्पियन्स लीग 32 वरून 36 संघांची केली. सामने वाढले, कमाई वाढली. डिसेंबर 2023 मध्ये युरोपियन न्यायालयाने नव्या स्पर्धांना परवानगी देण्याबाबतचे युएफाचे नियम बेकायदा ठरवले. मक्तेदारी दोन्हीकडे आहे.

2016 मध्ये लेस्टरसारखा छोटा क्लब प्रीमियर लीग जिंकला, कारण दार उघडं होतं. वर्गात आपण हेच शिकवतो: पहिला नंबर दरवर्षी नव्याने कमवावा लागतो, बापाच्या पैशाने राखीव ठेवता येत नाही.